साळ, तांदूळ आणि पगारे बाई

पगारे बाई पहिल्या दिवशी आमच्या स्वच्छ खोलीत जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, आणि मी त्यांना उठवलं. ही आमची ओळख.

गंगापूर रोडवरच्या एका खासगी हॉस्पिटलात मी बावीस वर्षं आया होते. त्यातली शेवटची अकरा वर्षं निर्जंतुकीकरण विभागात गेली. नाव मोठं, पण काम भांडी घासण्यासारखंच. ऑपरेशनला वापरलेल्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या रक्ताने भरून आमच्याकडे यायच्या. त्या धुवायच्या, वाळवायच्या, मोजायच्या, हिरव्या कापडाच्या दुहेरी घडीत बांधायच्या आणि वाफेच्या मोठ्या मशीनमध्ये शिजवायच्या. बांधलेल्या गाठोड्याला सेट म्हणायचे. शिजलेला सेट भिंतीतल्या खिडकीतून पलीकडे ऑपरेशन थिएटरला जायचा. शिजवणं हा शब्द माझा. डॉक्टर लोकांचा शब्द वेगळा होता, पण घाईच्या वेळी तेही "शिजला का?" असंच विचारायचे.

तर त्या दिवशी ही पन्नाशीची बाई, फिक्या रंगाची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आमच्या फरशीवर बसून काहीतरी लिहीत होती.

"बाई, उठा," मी म्हणाले. "इथं चप्पलसुद्धा बदलून येतात आणि तुम्ही तर ठाण मांडलं."

त्या उठल्या आणि साडी झटकायला लागल्या.

"झटकू नका. बाहेर जाऊन झटका."

"म्हणजे मी आता मळकी झाले?"

"तुम्ही मळक्याच आल्या."

"तेच बघत होते," त्या म्हणाल्या. "न धुता आत येता येतं का. आले. मला कुणी अडवलं नाही, फक्त आत आल्यावर ओरडलं." एवढं बोलून त्या वहीत काहीतरी लिहीत बाहेर गेल्या. मला वाटलं, ही तपासणीवाली आहे आणि आता माझी तक्रार होणार.

तपासणीवाली नव्हती. कॉम्प्युटरच्या कंपनीतून आली होती. कोणता सेट कुठे आहे, शिजला की नाही, कधी शिजला, हे सगळं कॉम्प्युटरवर आणायचं हॉस्पिटलने ठरवलं होतं आणि ते लिहायचं काम पगारे बाईंकडे होतं. आमच्या इनचार्ज बोरसे सिस्टरने त्यांना फाइली दिल्या, नियमांचं पुस्तक दिलं, चहा मागवला. बाईंनी पुस्तक चाळलं, चहाला हात लावला नाही, गरम पाणी मागितलं, आणि सिस्टरला विचारलं, "प्रत्यक्ष कोण करतं?" सिस्टरने माझ्याकडे बोट केलं.

पुढचा दीड महिना त्या रोज आल्या. नाशिकरोडहून सिटीबसने यायच्या, बरोबर साडेनऊला. चहा नाही, गप्पा नाहीत, कुणाच्या बारशा-लग्नाची चौकशी नाही. डबा उभ्या उभ्या खायच्या, पोळीची गुंडाळी करून. त्यांना "बहुतेक" हा शब्द सहन व्हायचा नाही. सिस्टर म्हणाली, "तो सेट बहुतेक थिएटरला गेलाय," की पगारे बाई मान न उचलता म्हणायच्या, "बहुतेक गेला म्हणजे माहीत नाही. माहीत नाही असं म्हणा." सिस्टरला ते झोंबायचं. ती माझ्याकडे येऊन म्हणायची, "काय गं ही बया, हिच्या घरी कसं चालत असेल?"

ते मीच एकदा विचारलं. आपल्याला आडून विचारता येत नाही. म्हणाले, "नवरा काय करतो तुमचा?"

"नवरा होता. आता नाही," त्या म्हणाल्या. "मधली अवस्था कोर्टात आठ वर्षं चालली."

त्यात दुःख नव्हतं आणि विनोदही नव्हता. गाडी कुठून कुठे गेली, मध्ये किती थांबली, तेवढं सांगितलं.

अवस्था हा त्यांचा आवडता शब्द. त्यांच्याकडे सलाइनच्या बाटलीचं एक झाकण होतं. ते कागदावर ठेवून भोवती पेन फिरवायच्या, की झालं एक वर्तुळ. त्यात एक शब्द लिहायचा. मग दुसरं वर्तुळ, मध्ये बाण. हॉस्पिटलच्या जेवणाच्या जुन्या तक्त्यांची मागची बाजू त्यांनी अशा वर्तुळांनी भरून टाकली. मी हरसूलला चौथीपर्यंत शिकले, तेवढं वाचायला पुरत होतं. वर्तुळांत माझेच शब्द होते. मळका, धुतलेला, बांधलेला, शिजलेला. आणि शिजून बरेच दिवस कपाटात पडून राहिला तर शिळा.

"शिळा असंच लिहिणार?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणता ना?"

"म्हणतो. पण कॉम्प्युटरमध्ये बरं दिसल का?"

"कॉम्प्युटरला लाज नसते," त्या म्हणाल्या.

बाकीचे लोक विचारतात, पुढे काय होतं. पगारे बाई विचारायच्या, पुढे काय होऊ शकत नाही. "मळक्यातून थेट शिजलेल्यात बाण का नाही?"

"रक्त शिजलं की लोखंडाला चिकटून बसतं. मग बाप आला तरी निघत नाय."

"हे नियमांच्या पुस्तकात कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला पाहिजे? शेण खाऊ नये हे कुठं लिहिलंय?"

ते त्यांनी वहीत उतरवून घेतलं. चेष्टेने नाही, खरोखर.

त्यांचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होते. एकदा धुण्याच्या खोलीत माझ्या शेजारी उभ्या राहून त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. सांगितली म्हणजे चार वाक्यं. पट्टा चालू असेपर्यंत एका यंत्राचं झाकण उघडायचंच नाही, अशी आतून व्यवस्था होती. कुलूपही नव्हतं, पाटीही नव्हती. वडील घरी येऊन म्हणायचे, ज्याने हे केलं त्याला कामगार माहीत होता. कामगार वाईट नसतो, दमलेला असतो.

मी म्हणाले, "मग तुम्ही तसंच करा की आमचं."

त्यांनी वही मिटली. का मिटली ते मला दोन दिवसांनी कळलं. त्यांच्या कंपनीचे मालक भामरे साहेब हॉस्पिटलात आले होते आणि आमच्या दारातच दोघांचं बोलणं झालं. मी आत कात्र्या पुसत होते.

"मॅडम, एक क्लास करा," भामरे म्हणाले. "सेट. त्यात एक फील्ड टाका, स्टेटस. पाच पर्याय. बटण दाबलं की स्टेटस बदललं. दोन आठवड्यांत विषय संपतो. पुढच्या महिन्यात यांची तपासणी आहे."

"म्हणजे सेटच्या कपाळावर पाटी लावायची."

"हो, पाटी म्हणा."

"पाटी कुणीही बदलेल."

"क्रम ठेवा ना तुम्ही. धुतल्याशिवाय बांधलेला होणार नाही, बांधल्याशिवाय शिजलेला होणार नाही. तुमची ती वर्तुळं आहेतच. बाकी ट्रेनिंग द्या."

पगारे बाईंनी घड्याळाची किल्ली दोन-तीनदा फिरवली. मग म्हणाल्या, "बरं."

मला त्या वादातलं काही कळलं नव्हतं. पण नाही म्हणायचं असताना बाई बरं म्हणाली, एवढं कळलं. बायकांना ते ओळखू येतं.

कॉम्प्युटर आला. स्वच्छ खोलीच्या टेबलावर बसवला. मला माझं नाव देऊन आत शिरायचं कसं ते शिकवलं. पगारे बाई शेजारी उभ्या राहून माझं बोट कुठे जातं ते बघत. बटणं मोठी होती, शब्द माझे होते, मला आठवड्यात जमलं. तपासणी झाली, सगळ्यांनी पेढे खाल्ले, बाईंनी खाल्ला नाही.

आता आमची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

धुण्याची खोली मळकी आणि मशीनची खोली स्वच्छ. मध्ये भिंत. एकीकडून दुसरीकडे जायचं तर चप्पल बदला, गाऊन बदला, हात धुवा. मशीनला एक घाणा शिजवायला पाऊण तास लागतो. घाणा लावून मी धुण्याच्या खोलीत जायचे, कारण तिकडे ढीग पडलेला असायचा. शिजल्यावर "शिजला" हे बटण दाबायला परत यायचं म्हणजे पुन्हा चप्पल, पुन्हा गाऊन. म्हणून मी घाणा लावतानाच बटणं दाबून टाकायचे. धुतला, बांधला, शिजला. एकामागून एक. क्रम बरोबर, कॉम्प्युटर कुरकुर करत नसे. मी एकटीच नाही, तिन्ही पाळ्यांतल्या बायका तेच करायच्या. कॉम्प्युटर यायच्या आधी आम्ही सकाळीच गाठोड्यांवर लावायच्या दिवसभराच्या चिठ्ठ्या लिहून ठेवायचो, त्यातलाच प्रकार. मशीन लावलं म्हणजे शिजणारच. भाताचा कुकर लावून कुणी समोर बसत नाही.

चिठ्ठ्यांच्या काळात त्याने काही बिघडलं नाही, कारण तेव्हा प्रत्येक जण गाठोड्यावरची पट्टी बघायचा. त्या पट्टीवरच्या रेघा वाफ नीट लागली की काळ्या होतात. कॉम्प्युटर आल्यावर लोक पडद्याकडे बघायला लागले आणि पट्टीकडे बघायचे थांबले. हे पगारे बाईंनी नंतर सांगितलं. तेव्हा ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

एक दिवस घाणा अर्ध्यावर असताना लाईट गेली. जनरेटर लागला, दिवे आले, पण ते मशीन आपोआप चालू होत नाही, पुन्हा सुरू करावं लागतं. मी भिंतीपलीकडे धुणं करत होते, मशीन थांबलं ते मला दिसलं नाही. माझी पाळी संपली, मी घरी गेले. पुढच्या पाळीच्या बाईने पडदा बघितला. सगळे सेट शिजलेले. तिने मशीन उघडून ते बाहेर काढले आणि खिडकीतून दिले.

थिएटरमध्ये मांडीचं हाड मोडलेली एक म्हातारी टेबलावर होती. पाठीत भुलीचं इंजेक्शन देऊन झालेलं. तिथल्या सिस्टरने सेट उघडला आणि आतही तशीच एक पट्टी असते ती बघितली. पट्टी कोरी. तिने हात मागे घेतला. दुसऱ्या थिएटरमधला सेट आणेपर्यंत ती म्हातारी अर्धा तास तशीच पडून होती. तिला काही झालं नाही. पण जर त्या सिस्टरने आत बघितलं नसतं तर काय झालं असतं, ते कुणाला सांगायची गरज नव्हती.

कॉम्प्युटरमध्ये त्या सेटपुढे लिहिलेलं होतं, शिजला. आणि त्याखाली माझं नाव.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये बोलावलं. मी, बोरसे सिस्टर, भामरे साहेब आणि पगारे बाई. जाताना जिन्यात सिस्टर कानात म्हणाली, "गप्प बस. मला आठवत नाही म्हण." माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. घरात कमावणारी मीच होते. नोकरी गेली असती तर त्या वयात मला कुणी दारात उभं केलं नसतं.

भामरे आधी बोलले. "सर, सिस्टीम बरोबर चालली आहे. आम्ही तपासलं. ही युजरची चूक आहे." आणि पगारे बाईंकडे बघितलं. त्यांनी नुसतं "हो" म्हटलं असतं तर विषय तिथे संपला असता. कंपनी सुटली असती आणि मी गेले असते.

डॉक्टर मला म्हणाले, "मावशी, शिजायच्या आधी बटण दाबलंत का?"

मी गप्प बसले. ते मी लपवत नाही.

"दाबलं," पगारे बाई म्हणाल्या. "घाणा लावल्यावर दुसऱ्याच मिनिटाला. वेळ इथे आहे." आणि त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

त्या क्षणी मला वाटलं, हिचं तोंड दाबावं. दीड महिना माझ्या शेजारी उभी राहिली, माझे शब्द घेतले, आणि आता मलाच उघडं पाडते.

त्यांनी दुसरा कागद काढला. मग तिसरा. "हा त्याच्या आदल्या दिवसाचा. हा त्याच्या आधीचा. तिन्ही पाळ्या, सगळ्या बायका. बटण रोज आधीच दाबलं जातं. पहिल्या आठवड्यापासून. या नोंदी माझ्याकडेच होत्या. मी रोज उघडून बघू शकत होते. बघितल्या नाहीत."

"मॅडम, हे कशाला आता," भामरे म्हणाले.

"पाऊण तासाचं काम दोन मिनिटांत झालं असं माझ्या प्रोग्रॅमला सांगितलं आणि त्याने मान डोलावली. मी क्रम सांभाळला. क्रम बरोबर होता. बरोबर क्रमाने खोटं सांगता येत होतं, आणि ते येणार हे मला लिहितानाच माहीत होतं. मी बरं म्हटलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग चूक कुणाची?"

"त्यांचीही आहे, माझीही आहे. त्यांना काढलंत तर जागेवर येणारी बाई परवापासून तेच करील, कारण भिंत तिथेच आहे आणि ढीगही तिथेच आहे. मला महिनाभर द्या. तोवर कॉम्प्युटर बंद ठेवा आणि पट्टी बघा."

डॉक्टरांनी त्यांना तो महिना दिला. मला मेमो दिला, म्हणजे ताकीद लिहिलेला कागद. नोकरी राहिली.

बाहेर आल्यावर भामरे साहेब बाईंना हळू आवाजात म्हणाले, "एक वाक्य बोलायचं होतं तुम्हाला." त्या म्हणाल्या, "एका वाक्यात मावत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्या धुण्याच्या खोलीत आल्या. मी कात्र्या घासत राहिले.

"रागावलात?"

"नाय."

"हे खोटं आहे."

"हो," मी म्हणाले.

त्या स्टुलावर बसल्या आणि वर्तुळं काढायला लागल्या. तीच पाच वर्तुळं. मग दुसऱ्या कागदावर पुन्हा तीच. शेवटी मलाच राहवलं नाही. "तेच तेच काय काढताय?"

"तेच बरोबर आहे, म्हणून काढतेय," त्या म्हणाल्या. "आमच्यात क्लास म्हणजे साचा. करंजीचा असतो तसा. मी एकच साचा केला, सेटचा. मग तो सेट मळका असो की शिजलेला, साचा एकच, नुसता गुण वेगळा. माणूस तोच असतो, आज ताप आहे, उद्या नाही, तसं. त्यात चूक काय ते शोधतेय."

मी हातातलं काम ठेवलं. मला राग होता, पण अडाण्यासारखं बोललेलं ऐकवत नाही.

"आमच्याकडं हरसूलला साळ पिकती," मी म्हणाले. "ती भरडली की तांदूळ होतो. साळ पेरता येती. तांदूळ पेरून बघा, उगवतो का. तांदूळ रांधता येतो. साळ रांधून खा बरं तुम्ही. दाणा तोच हाय, पण त्याला कुणी भरडलेली साळ म्हणत नाय. एकदा भरडली की नाव येगळं, काम येगळं, ठेवायची कणगी येगळी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि तांदूळ येतो कुठून?"

"गिरणीतून. दुसरा कुठून येणार? साळीच्या पोत्यावर तांदूळ म्हणून चिठ्ठी चिकटवली म्हणून काय तांदूळ होतो?"

असं बोलताना मी काय बोलतेय ते माझ्या ध्यानात आलं. चिठ्ठी चिकटवणारी मीच होते. बाईंच्याही ध्यानात आलं असणार, पण त्यांनी ते दाखवलं नाही. त्या हातावर, तळव्यावर काहीतरी लिहीत होत्या. कागद समोर असताना.

मग त्या रोज यायला लागल्या आणि मला सांगायला लागल्या. मला सांगताना त्यांचंच त्यांना नीट होत असावं. आता एक साचा नाही, प्रत्येक अवस्थेचा वेगळा साचा. मळक्या सेटला एकच गोष्ट जमते, धुणं. धुतल्यावर तो मळका सेट उरतच नाही, त्यातून धुतलेला सेट निघतो. त्याला फक्त बांधता येतं. खिडकीतून थिएटरला जाणं फक्त शिजलेल्या सेटला येतं. "आधी बांधलेल्या सेटला खिडकीचं बटण होतं, पण बंद ठेवलेलं," त्या म्हणाल्या. "आता बटणच नाही. बंद बटण कुणीतरी चालू करतं. नसलेलं बटण कोण दाबणार?"

आणि शिजलेला सेट आता माझ्या बोटाने होणार नव्हता. मशीनमधून वायर काढून कॉम्प्युटरला जोडली. घाणा पुरा शिजल्याचं मशीन स्वतः सांगेल तेव्हाच शिजलेला सेट जन्माला येईल. गिरणी, त्या म्हणाल्या. त्या वायरला पुढे सगळेच गिरणी म्हणायला लागले.

मी म्हणाले, "पण लोखंड तर तेच राहिलं. कात्री हरवली तर कोणत्या साच्यात शोधायची?"

तो दिवस त्यांनी त्यातच घालवला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "लोखंडाला वेगळा नंबर दिला. साचे बदलतील, नंबर बदलणार नाही. लग्नात नाव बदललं तरी कपाळावरचं गोंदण राहतं ना, तसं." हे उदाहरण त्यांनी माझ्या कपाळाकडे बघून दिलं. मला बरं वाटलं असं नाही, पण कळलं.

सुरू करायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बसवलं आणि हवं ते करून बघायला सांगितलं. मी सकाळभर बोटं चालवली. उलटं, सुलटं, अर्ध्यावर सोडून. कुठेच खोटं घालता येईना. दुपारी मी कपाटातून एक शिजलेला सेट काढला आणि त्यांच्या समोर जमिनीवर टाकला.

"हे काय?"

"पडला. हातातून पडतो कधी कधी. जमिनीला लागला म्हणजे मळका. आता दाखवा, तुमच्यात शिजलेला परत मळका कसा करायचा ते."

बटण नव्हतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, जमिनीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं, आणि हसल्या. मी त्यांना हसताना तेवढंच पाहिलं. दात पुढे होते, म्हणून बहुधा हसत नसतील. मग त्यांनी वर्तुळांच्या कागदावर हातानेच एक लांब बाण काढला, शिजलेल्यापासून थेट मळक्यापर्यंत, आणि त्यावर लिहिलं, पडला. "हा पुस्तकात नव्हता," त्या म्हणाल्या.

"पुस्तक कुणाच्या हातून पडलेलं नसतं," मी म्हणाले.

ते सुरू झालं आणि आठ दिवसांनी त्या यायच्या बंद झाल्या. भामरे साहेबांनी त्यांच्या टेबलावर दुसरा माणूस बसवला होता. बोरसे सिस्टरने मला हे सांगितलं, जरा खूश होऊन. मी म्हणाले, "तू पण त्या दिवशी गप्प बसलीस आणि मी पण. त्यामुळं आपण दोघी इथं आहोत." सिस्टर मग चार दिवस बोलली नाही.

मी तीन वर्षं पुरी केली आणि निवृत्त झाले. आता पगारे बाई नाशकात नाहीत. बंगळूरला बहिणीकडे गेल्या असं ऐकलं. मी फोन केला नाही. त्यांनाही फोन आवडायचा नाही.

पण त्या जाण्यापूर्वी एकदा मी त्यांच्याकडे गेले होते. नाशिकरोडला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली एक टेबल, त्यावर कॉम्प्युटर. द्राक्षांच्या शीतगृहाचं काहीतरी काम घरी बसून करत होत्या. मला गरम पाणी दिलं. मी ते प्यायले.

मी म्हणाले, "एक विचारायचं होतं. तुम्ही नुसतं म्हणाला असता, प्रोग्रॅम चुकला, तर माझं नाव आलंच नसतं. सगळ्यांसमोर मी दाबलं म्हणून का सांगितलं?"

त्यांनी विचार केला. उत्तर तयार नव्हतं, हे मला आवडलं.

"तुम्ही दाबलं नाही असं सांगितलं असतं, तर प्रोग्रॅम आपोआप चुकला असं झालं असतं," त्या म्हणाल्या. "मग दुरुस्ती भलत्याच ठिकाणी झाली असती. आणि तुम्ही परत दाबलं असतं."

"दाबलं असतं," मी म्हणाले. "दुसऱ्या दिवशीच. ती म्हातारी टेबलावर होती हे माहीत असून. ढीग होता ना."

"मला माहीत होतं."

"तेव्हा मला तुमचा लय राग आला होता."

"आता?"

मी नीट बघितलं, आत काय आहे ते. "आताही थोडा हाय."

त्यांनी मान हलवली. समजूत घातली नाही, हात धरला नाही. हिशोब जुळल्यासारखी मान हलवली, आणि म्हणाल्या, "मला आता काम आहे."

मी उठले. जिना उतरून रस्त्यावर आले तेव्हा ढग दाटून आले होते. वर बघितलं तर त्या गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होत्या. सरसकट ओढून नाही. प्रत्येक कपड्याची शिवण बोटांत धरून बघायच्या. वाळलेला खांद्यावर. ओला पुन्हा दोरीवर, चिमटा लावून. मी रिक्षा मिळेपर्यंत उभी होते. त्यांनी खाली पाहिलं नाही. एक पांढरा परकर त्यांनी दोनदा चाचपला, आणि ठेवला तसाच दोरीवर.